माउस आपटायचा नाही

ओबदुलियाने माउसचं उजवं बटण दाबलं आणि बोट तसंच दाबून धरलं.

“सोडा आता, मावशी,” शिकवणारी मिलेइदिस म्हणाली. “चिरूट नाहीये तो, वळत बसायला.”

बोट सुटलं आणि पडद्यावर मेनू उघडला.

रांचुएलो गावच्या चिरूट कारखान्यातून निवृत्त झालेल्या चौघीजणी वस्तीतल्या संगणक क्लबात शिकायला येत. आज पाचवी आली होती, निएवेस. बायका चिरूट वळत असताना त्यांना मोठ्याने वाचून दाखवणं, हे कारखान्यातलं तिचं काम. गेल्या वर्षी घशाच्या शस्त्रक्रियेत तिचा आवाज गेला. तो आता उरला होता फक्त या संगणकात, मिलेइदिसने कधीकाळी रेकॉर्ड केलेल्या एका वाचनात. ओबदुलियाला ते पेन ड्राइव्हवर उतरवून निएवेसला द्यायचं होतं, आणि तेही स्वतःच्या हाताने. त्या आवाजाच्या आधारावर तिने सगळी नोकरी काढली होती, दोन बाळंतपणं आणि एक वैधव्यसुद्धा.

“उघडला बाई एकदाचा,” शेजारची सोकोरो म्हणाली.

आनंदाच्या भरात ओबदुलियाने माउस टेबलावर दोनदा आपटला. कारखान्यात वाचन आवडलं की बायका टाळ्या वाजवत नसत. पान कापायचं अर्धगोल पातं, म्हणजे चवेता, फळीवर आपटत. हाताला तेच वळण.

आपटताना डावं बटण दाबलं गेलं. मेनू मिटला आणि त्याबरोबर त्या वाचनाची, निएवेसच्या नावाची फाइलही दिसेनाशी झाली.

“‘काढून टाका’वर बसला तुमचा ठोका,” मिलेइदिस म्हणाली.

ओबदुलियाचा चेहरा पडला. मागे बसलेल्या निएवेसकडे वळून बघायची तिची हिंमत होईना.

“तूच कर बाई काय करायचं ते,” ती पुटपुटली.

“मी नाही हात लावणार. कोपऱ्यात ती कचरापेटी दिसतेय ना? उघडा. आहे की नाही आत? आता त्या नावावर पुन्हा उजवं बटण.”

“आणि कायमची गेली म्हणजे?”

“नीट वाचून दाबा. घाई कोणाला आहे?”

“विजेला,” सोकोरो म्हणाली. “ती कधी जाईल नेम नाही.”

ओबदुलियाने चष्मा पुसला. पडद्याला बोट लावून मेनूतला एकेक शब्द वाचला, ‘परत ठेवा’वर आली आणि श्वास रोखून डावं बटण दाबलं. फाइल जागेवर आली. मग पुन्हा उजवं बटण, कॉपी. पेन ड्राइव्हवर जाऊन पुन्हा उजवं बटण, पेस्ट. शेवटी तिने ती फाइल चालू केली.

“सुप्रभात मंडळी,” निएवेसचा जुना भरदार आवाज खोलीत घुमला. “काल आपण कादंबरीतल्या त्या विधवेला बंदरावर उभी करून खुशाल घरी गेलो. रात्रभर ताटकळली असेल बिचारी. चला.”

सोकोरोचा हात माउसकडे गेला.

“माउस आपटायचा नाही,” मिलेइदिसने दटावलं.

वाचन संपलं तेव्हा चौघींचे हात मांडीवर होते. इतकं ऐकून गप्प बसायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ओबदुलियाने पेन ड्राइव्ह निएवेसपुढे धरला.

“घे बाई. घालवलाच होता मी तुझा आवाज.”

निएवेसने तो पर्समध्ये नीट ठेवला. तिच्याकडे चवेता कधीच नव्हती; इतकी वर्षं ती फक्त ठोके घेत आली होती. तिने पर्समधून चष्म्याचं घर काढलं, ओबदुलियाकडे पाहिलं आणि टेबलावर ठोकायला सुरुवात केली.