नेहमीचा शंकू

नवऱ्याला ऑपरेशनला नेण्याआधी बायकोने कसं वागावं, याची काहीतरी रीत असेलच. मी मात्र रिकाम्या कपात डोकावत बसले होते.

ऑपरेशन हर्नियाचं, साधंच. काळजीचं कारण नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण मला एका जागी बसवेना. खुर्चीतून खिडकीशी, खिडकीपासून दाराशी, पुन्हा खुर्चीत. काहीतरी राहिलंय असं सारखं वाटत होतं आणि काय ते आठवत नव्हतं. शेवटी नणंदेने चहाचा कागदी कप माझ्या हातात कोंबला. "बस गं जरा. तुझ्याकडे बघून मलाच घेरी यायला लागलीय."

बसले. चहा संपला. चाळा म्हणून कप आडवा धरला. टोक कापलेला शंकू. मग तोंडाकडून पाहिला. एकात एक दोन वर्तुळं. आणि काय राहिलं होतं ते आठवलं.

मी एका छोट्या कारखान्यात ड्रॉइंग काढते. नवरा तिथेच, खाली ड्रिलच्या मशीनवर. वस्तू कागदावर दाखवायची म्हणजे समोरून एक चित्र आणि त्याच्या शेजारी बाजूचं एक. आता उजवीकडे काढलेलं चित्र वस्तूची कुठली बाजू दाखवतं? सरळ मनाचा माणूस म्हणेल, उजवी. पण जगात दोन पद्धती आहेत. एकीत ते उजवी बाजू दाखवतं, दुसरीत डावी. दोन्ही बरोबर. कुठली वापरलीय ते कोपऱ्यातल्या चौकोनात एका चिन्हाने सांगायचं असतं: शंकू आणि त्याच्या शेजारी दोन वर्तुळं. वर्तुळं उजवीकडे असली तर उफराटी पद्धत, डावीकडे असली तर सरळ.

तो चौकोन मी कधीच भरत नाही. आमच्याकडे एकच पद्धत चालते, ती उफराटी, आणि माझी ड्रॉइंग जातात नवऱ्याकडे. घरच्या माणसाला कसली चिन्हं? याला माझं सगळं न सांगता कळतं, हे मी लग्न झाल्यापासून चारचौघांत मिरवत आलेय.

पण या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचं काम आलं. जुन्या यंत्रातलं बेअरिंग ज्यात बसतं ते बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, घर. त्याचा साचा ओतताना फुटलेला, म्हणजे हा एकच नग. त्याच्या एका बाजूला भोकं पाडायची होती. गिऱ्हाइकाचं मूळ ड्रॉइंग दुसऱ्या पद्धतीचं, सरळ मनाच्या माणसाचं. दवाखान्याच्या धावपळीत मी चित्रं जशीच्या तशी उतरवली. समोरून न दिसणारं तुटक रेषांनी दाखवतात; ती गर्दी नको म्हणून समोरच्या चित्रात भोकं दाखवलीही नाहीत, म्हणजे बाजू कळायला दुसरी खूणही नव्हती. चौकोन नेहमीसारखा रिकामा. आणि आज नवऱ्याच्या जागी मशीनवर होता तुफान. हे त्याचं टोपणनाव. विचार करण्याआधी तो मशीन चालू करतो.

तेवढ्यात नवऱ्याला ढकलगाडीवरून बाहेर आणलं. मी गाडीची कड धरली. "ऐक, त्या बिडाच्या घराच्या ड्रॉइंगवर चिन्ह नाहीये."

"अगं, ही काय वेळ आहे का?" नणंद म्हणाली.

इंजेक्शनने त्याची जीभ जड झाली होती. "आहे," तो म्हणाला. "काल निघताना काढलं मी. पेन्सिलने."

"तू?"

"दर वेळी मीच काढतो. दुसरा कुणी आला मशीनवर, तर पंचाईत नको." तो हसला. "तुला काय वाटलं, न सांगता कळतं मला? सुरुवातीला एक-दोन नग उलटे पाडले होते. बोललो नाही."

"काल कुठलं काढलंस?"

"नेहमीचं," तो म्हणाला, आणि गाडी आत गेली.

नेहमीचं! रिकामा चौकोन पाहून तुफानसुद्धा एखादवेळी विचारायला थांबला असता. आता त्याला चुकीची बाजू नवऱ्याच्याच हाताने दाखवलेली होती. कारखान्यात फोन लावला. मशीनच्या आवाजात तिथे फोन कोण ऐकतो! पुन्हा लावला. मग पर्स उचलली.

"नवरा आत आणि तू बाहेर?" नणंद म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"सांगा, बायको वेडी आहे."

"ते सांगावं लागत नाही गं," ती म्हणाली, आणि पाठीवर हात ठेवून मला दाराकडे लोटलं.

कारखाना फार लांब नाही, पण मी धावणारी बाई नाही. सिग्नलला थांबले तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती आणि डोळ्यांसमोर बीड नव्हतं, नवऱ्याचा डावा हात होता. कित्येक महिने तो काही उचलताना डावा हात पोटाशी दाबायचा. मी पाहत होते. दुखत असलं तर बोलेल, असं वाटायचं. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय, तर हा माझ्याकडे बघायला लागला. मला ठाऊक असेल असं त्याला वाटलं होतं. मला स्वतःचाच संताप आला.

तुफान मशीनवर वाकला होता. बिडाची काळी भुकटी उडत होती. मी ओरडले, त्याने मशीन बंद केलं. एक भोक पडलं होतं. चुकीच्या बाजूला.

"वहिनी, चिन्ह बघून केलंय," त्याने ड्रॉइंग पुढे केलं. कोपऱ्यातल्या चौकोनात पेन्सिलचा शंकू होता, बारीक, नीटस, उजवीकडे दोन वर्तुळं.

"तू बरोबर वाचलंस. चिन्हच चुकीचं आहे."

"मग चूक कुणाची?"

"माझी."

मालक आले, आणि पुढचं बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी तुफानच म्हणाला की आटे पाडून भोकात बूच बसवता येईल, पण खूण राहील. "राहू दे," मालक म्हणाले, "पण गिऱ्हाइकाला तोंड तुम्ही द्यायचं." मी हो म्हटलं. पेन्सिलच्या शंकूवर आडवी रेघ मारली, शेजारी शाईने दुसरा काढला आणि खाली सही केली.

परत आले तेव्हा त्याला बाहेर आणलं होतं. चेहरा पांढराफटक. नणंद मला जागा देऊन उठली.

डोळे उघडताच त्याने विचारलं, "नग?"

"एक भोक उलट पडलं. या वेळी पद्धत वेगळी होती. मी सांगितलं नाही."

"मी तरी कुठे विचारलं," तो पुटपुटला.

"दुखतंय का?"

"नाही."

"मी विचारतेय. खरं सांग."

"थोडं."

"थोडं म्हणजे किती? कुठे?"

त्याने माझा हात धरला आणि पट्टीच्या कडेला, अगदी हलकेच ठेवला.

"इथे," तो म्हणाला. "खूप दुखतंय गं." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्यासमोर रडला.