आधी माझा हात

“आधी माझा हात,” म्हणत मास्तरीण दवाखान्यातल्या स्टुलावर बसली. हा तिचा शिरस्ता. दर एचआयव्ही तपासणीला सुई आधी तिला, मग गल्लीतल्या बायकांना. ती हसत बाहेर आली की बाकावरच्या बायांना धीर यायचा. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या या बाईला मास्तरीण म्हणायचे ते उगाच नाही. धंद्यातल्या बायांना निरोधचा हट्ट धरायला तिनंच शिकवलं होतं. पिऊन तर्र झालेल्या गिऱ्हाइकालाही ती गोड बोलून वठणीवर आणायची.

अर्ध्या तासानं नर्सबाईंनी तिला पुन्हा आत बोलावलं आणि पडदा नीट ओढून घेतला. तेवढ्यानंच मास्तरीण काय ते समजली.

“तीन वेळा तपासलं गं. औषधं लगेच सुरू करू. रोज घेतली की माणूस जगतं, तूच सांगतेस ना सगळ्यांना?”

“सांगते की.” तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. “बाई, एकाही गिऱ्हाइकाला तसं जवळ येऊ दिलं नाही मी.”

“आणि घरी?”

घरी तो होता. आताही बाहेर बाकावर तिची वाट पाहत बसलेला. बसून खाणारा, पण तिला ताप आला की रात्रभर पट्ट्या ठेवणारा. पहिल्याच दिवशी त्यानं निरोधचं पाकीट भिरकावलं होतं. “मी काय गिऱ्हाईक आहे?” या एका वाक्यावर ती भाळली. जन्मात पहिल्यांदा कुणी तिला बायको समजत होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

खोटं बोलली असती तर बाकावरच्या बाया सुया टोचून घेऊन सुखानं घरी गेल्या असत्या. तिनं पडदा सारला.

“मला लागण झालीय.”

“एवढं शिकवून तुलाच?” एक थोराड बाई चपला शोधू लागली. “मग आम्ही कशाला टोचून घ्यायचं? चला गं.”

“गिऱ्हाइकं ऐकतात माझं. हा म्हणाला, मी काय गिऱ्हाईक आहे?” मास्तरीण त्याच्याकडे वळली. “ऊठ. आता तुझा हात.”

“कुठं शेण खाल्लंस, आणि माझ्यावर ढकलतेस?” म्हणत तो उठला आणि तडक जिना उतरून गेला.

मास्तरीण पडदा धरून उभी राहिली. मेलं मन अजूनही त्याला हाक मारायला धावत होतं.

मग बाकाच्या टोकाची बुटकी उठली. सगळ्यांत नवी, सगळ्यांत टवाळ.

“माझाही तेच म्हणतो,” ती म्हणाली आणि बाही वर करत स्टुलावर जाऊन बसली.

थोराड बाई एका पायात चप्पल घालून तशीच थांबली.