बहिणीचं घेत नाहीत

आमचे आबा खोटं बोलत नाहीत. म्हणूनच पुण्याच्या डॉक्टरांनी "सख्खी भावंडं किती?" असं विचारल्यावर ते "कुणी न्हाई" म्हणाले, तेव्हा मी त्यांची लेक असून त्यांच्याकडे बघतच राहिले. खोडदला दिलेली ठकूआत्या चांगली धडधाकट आहे. दर दिवाळीला येते आणि माझ्या करंज्यांना नावं ठेवते.

आबांना रक्ताचा कॅन्सर होता, वर्षानुवर्षं सावकाश चालणारा. हाडांच्या आत जिथं रक्त तयार होतं, तिथं व्रण पडून सगळं राठ होत चाललं होतं. उसाच्या जुन्या खोडव्यात मुळ्यांची जाळी होते आणि नवा फुटवा येत नाही, तसं. पानथरी, म्हणजे प्लीहा, एवढी फुगली होती की अर्ध्या भाकरीत त्यांचं पोट भरे. गोळ्यांनी आराम पडायचा, पण रोग मुळातून जायचा तर दुसऱ्याच्या पेशी अंगात सोडाव्या लागणार होत्या. आधी सख्ख्या भावंडाच्या जुळतात का बघतात. जिवाला धोका त्यातही होता. डॉक्टरांनी तो लपवला नाही.

गाडीत मी चिडून विचारलं, "आत्या मेली का तुमच्यासाठी?"

"लेकीबाळीला द्यायचं आसतं, तिचं घ्यायचं नस्तं," आबा म्हणाले. "तिच्या घरी च्या प्यालो तरी हातावर कायतरी ठिवून उठतो मी. आन् आता तिचं रगात मागू?"

दुसऱ्या दिवशी मीच आत्याला सगळं सांगितलं. तिनं तपासणी करून घेतली आणि जुळलं. तरी आबा हटेनात. मला रागही आला आणि रडूही.

भाऊबीजेला आत्या आली. तिनं आबांना पाटावर बसवून ओवाळलं. त्यांनी ताटात साडी ठेवली. तिनं ती उचलून बाजूला सारली.

"ही नको. औंदा मी मागंन ती ओवाळणी घाल."

"माग की."

"डॉक्टरला व्हय म्हण."

आबांचा चेहरा उतरला. "ठके, ते तर घेणं झालं."

"माझ्या ताटात टाकतोस म्हंजी देणंच झालं. आजवर तुझ्या घरातनं रित्या ताटानं उठले का मी, दादा?"

ती ताट धरून तशीच उभी राहिली.

"लई महाग मागितलीस गं."

"देनार का न्हाई?"

"दिली," आबा म्हणाले.

आणि मग आत्याच रडायला लागली.