नीट चालणारा माणूस

"म्हणजे खुबा अगदी नव्यासारखा होईल?" रीडिंगकाकांनी विचारलं.

"नव्यासारखा कशाला, नवाच बसवणार आहोत," डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरत म्हणाले. "हा पाय पाऊण इंच आखूड झालाय, तेही जमेल तेवढं भरून काढू. चाळीस वर्षं लंगडलात, आता पुरे की."

"मला काही शर्यत पळायची नाही हो. बायकोला धरून उठवता आलं पाहिजे, एवढं बघा."

आजूबाजूचे सगळे त्यांना रीडिंगकाकाच म्हणत. विजेच्या मीटरचं रीडिंग घेण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी एका अंधाऱ्या जिन्यावरून ते घसरले आणि उजवा खुबा मोडला. तो वाकडातिकडा जुळला, आणि तसल्या खुब्यावर काका पुढे तीस वर्षं लोकांचे जिने चढले. मीटर कितीही पळो, काका आपल्या चालीनंच येणार, अशी लोक थट्टा करत. काकाही हसत. दुखायचं ते घरी आल्यावर दुखायचं.

ऑपरेशनची त्यांनी सहा वर्षं चालढकल केली होती. पण गेल्या महिन्यात काकूंना न्हाणीघरातून बाहेर आणताना पाय लटपटला आणि दोघं उंबऱ्यातच बसली. लागलं कुणालाच नाही, पण काकांनी हाय खाल्ली. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, एक तर ऑपरेशन करून घ्या, नाहीतर आईला कुठंतरी ठेवू या."

"ठेवायला ती काय सामान आहे?" काका ओरडले. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी डॉक्टरांकडे नंबर लावला.

काकूंचं विसरणं चार वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग घराकडे यायचा रस्ता. पोटच्या लेकीला त्या आता "बाई" म्हणत आणि आल्यागेल्यासारखी विचारपूस करत. नवरा मात्र त्यांच्या डोक्यात पक्का होता. फक्त त्याचे केस काळे होते. त्यामुळे घरात वावरणाऱ्या या पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्याकडे त्या कधीकधी संशयानं बघत, आवाजावरही त्यांचा विश्वास बसत नसे. पण काका खाली जाऊन दूध घेऊन आले, की जिन्यावर एक पाय टेकल्याचा आणि मागून दुसरा ओढल्याचा आवाज येई आणि काकूंचा चेहरा फुले. "आले हे," असं भिंतीला सांगून त्या पदर सारखा करत. काका दिवसातून तीन-तीनदा काहीतरी आणायला खाली जात ते उगाच नाही.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर काकांना वाटलं, कुणीतरी दुसऱ्याचाच पाय आपल्याला शिवलाय. दुसऱ्या दिवशी त्यांना वॉकर धरून उभं केलं, तेव्हा लहान मुलाला टाळ्या वाजवाव्यात तशा नर्सनं टाळ्या वाजवल्या आणि काकांना लाज वाटली. मग सुरू झाले नियम. खाली वाकायचं नाही. मांडी घालायची नाही. गुडघा कमरेच्या वर येईल अशा बुटक्या आसनावर बसायचं नाही. झोपताना दोन पायांत उशी. मोजा घालायला दुसरं माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जिन्याखाली वाकून आकडे वाचलेल्या माणसाला स्वतःच्या पायाची बोटं दिसेनाशी झाली.

घरी जाऊन आजारी माणसाचं करणं शक्य नव्हतं, म्हणून हॉस्पिटलच्याच मागच्या इमारतीत त्यांना पाच आठवडे ठेवलं. व्यायाम घ्यायला एक तरुण पोरगी येई. तिला काकांनी हेडमास्तरीणबाई असं नाव ठेवलं होतं.

"काका, पाय ओढायचा नाही. उचलायचा. टाच आधी."

"अहो हेडमास्तरीणबाई, बेचाळीस वर्षांची सवय आहे."

"मग बेचाळीस दिवसांत मोडू. चला, परत."

लेक तिकडे घर सांभाळत होती. ती फोनवर सांगे, "आई दिवसभर दाराशी बसते, बाबा. यांचा पाय कसा वाजला नाही अजून, म्हणून मलाच रागावते." हे ऐकलं की काका कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या जास्त मारत. लवकर बरं व्हायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. सरळ चालण्यानं आपण काय घालवतोय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

ते ध्यानात आलं घरी पोचल्यावर. काठी टेकत, टाच आधी टेकत, एकेक पायरी मोजून ते दोन मजले चढले आणि दारात उभे राहिले. काकू समोरच होत्या.

"कोण पाहिजे?" त्या म्हणाल्या.

"अगं, मी."

"बाई, हे कोण आलेत बघा हो! आत घेऊ नका. आमचे हे घरी नाहीत."

लेकीनं परोपरीनं समजावलं. काकू आणखीच घाबरल्या आणि रडू लागल्या. काका मागे वळून जिन्याच्या वळणापर्यंत खाली गेले. तिथून परत चढताना त्यांनी उजवा पाय मुद्दाम ओढला.

"आले हे," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "किती उशीर केलात अहो!"

लेक स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

चार दिवसांनी ती आपल्या घरी परतली. काकांनी मग दोन चाली ठेवल्या. रस्त्यावर सरळ, घरात लंगडी. खोलीत शिरताना, पाणी देताना, औषध देताना ते पाय फरफटत. बऱ्या झालेल्या पायानं लंगडणं मोडक्या पायानं लंगडण्याहून अवघड असतं. कंबर भरून येई, पण समोर काकू निवांत असत, मागच्या जन्मीचं काहीतरी बोलत असत, आणि काकांना वाटे, मिळालं सगळं.

दीड महिन्यानं तपासणीला गेले, तेव्हा हेडमास्तरीणबाईंनी त्यांना चालायला लावलं आणि कपाळाला हात लावला. "हे काय आणलंत? एका बाजूला कलताय तुम्ही. घरी काय करता?"

काकांनी सांगून टाकलं. ती पोरगी हळू आवाजात म्हणाली, "काका, असंच चाललं तर स्नायू भरणार नाहीत. तोल जाईल, पडलात तर सांधा निसटेल. मग काकूंना कोण बघणार?"

काकांना ते पटलं आणि पटलं नाही. पण त्याच आठवड्यात काकूंना पलंगावरून उठवताना त्यांनी सवयीनं पाय ओढला आणि दोघं भेलकांडली. काकांनी खिडकीचा गज धरला म्हणून निभावलं. ज्यासाठी हाड कापून घेतलं, तेच आपण घालवायला निघालोय, हे त्यांना तिथं उभ्या उभ्या कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघरातून सरळ चालत आले. टाच आधी.

काकूंनी मान वर केली. "कोण तुम्ही?"

"मी मदतीला आलोय. तुमचं खाणंपिणं, औषधं बघायला."

"यांनी ठेवलंय तुम्हाला?"

"हो. त्यांनीच."

"मग बरं." त्यांच्या कपाळावरची आठी गेली. "फार चांगले आहेत ते. पायानं अधू, पण मला कधी भरली बादली उचलू दिली नाही. मी कधी म्हटलं नाही त्यांना तसं. म्हणायला पाहिजे."

"आले की म्हणा."

"म्हणते."

काकांनी दोन्ही पाय रोवून त्यांना उठवलं. काकू जराही डगमगल्या नाहीत. चार पावलं चालून त्या दारासमोरच्या आपल्या जागेवर बसल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "हात भक्कम आहे तुमचा, भाऊ."

बेचाळीस वर्षांहून जास्त ज्या तोंडून 'अहो' ऐकलं, त्या तोंडून आज काकांनी 'भाऊ' ऐकलं. ते शेजारच्या खुर्चीत बसायला गेले.

"तिथं नको हो," काकू चटकन म्हणाल्या. "ती यांची आहे. तुम्ही तो पाट घ्या."

पाट जमिनीपासून चार बोटं उंच होता.

"राहू दे, मी उभा बरा आहे," काका म्हणाले.

"येतीलच इतक्यात."

"हो."

खाली जिन्यावर कुणाचं तरी पाऊल वाजलं. काकूंनी बोट ओठांवर ठेवून त्यांना गप्प राहायची खूण केली. काका काठीवर भार देऊन त्यांच्या बाजूला उभे राहिले, आणि दोघंही ऐकू लागली.