गल्लीतला शिंपी

परदेशात नव्याने आलेल्या चिमणीला भाषेच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, "वडील काय करतात?" शेजारच्याचे वडील दातांचे डॉक्टर, पलीकडचीचे वकील. चिमणीजवळ त्या भाषेतले शब्द मोजून चाळीस, आणि त्यांत शिंपी नव्हता. खाणाखुणा करून सांगता आलं असतं. सुई-दोरा कुणाला कळत नाही? पण लाज आडवी आली. "वडील नाहीत," तिने सांगून टाकलं. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि विषय संपला.

विषय कसला संपतोय. बातमी फिरत फिरत घरमालकिणीच्या कानावर गेली. आठ महिन्यांत चिमणी ती भाषा फडाफडा बोलू लागली. त्या भाषेत ती वेगळीच कुणी होती: धीट, हजरजबाबी आणि बिनबापाची. आता शब्द हवे तितके होते, पण खरं सांगायला तोंड उघडत नव्हतं. बाबांचा फोन आला की ती खोलीचं दार लावून घेई.

एकदा घरमालकिणीने तिचा कोट उलटसुलट करून पाहिला. "कुणी शिवला गं?"

"आमच्या गल्लीतल्या शिंप्याने."

हे काही खोटं नाही, अशी तिने मनाची समजूत घातली. लेक अंगाने भरली तर उसवून मोठा करता यावा म्हणून बाबांनी बाह्यांत दोन बोटं कापड राखलं होतं. तेव्हापासून तो कोट चढवताना तिला मेल्याहून मेल्यासारखं होई.

रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. फोन वाजला आणि तिने तिथेच घेतला. समोर बाबा, गळ्यात मापाची पट्टी, मागे मशीन. तेवढ्यात घरमालकीण आत आली.

"हाच का तो कोटवाला शिंपी?"

चिमणीने होकारार्थी मान हलवली.

"त्यांना सांग, कोट सुरेख झालाय. आणि म्हणावं, या पोरीला बाप नाही, तिकडे आली की जरा लक्ष असू द्या."

"काय म्हणतायत गं?" बाबांनी विचारलं.

"कोट आवडलाय त्यांना."

"मग फोन त्यांच्याकडे धर. तुझं ते भाषेचं पहिलं पुस्तक मागवलंय मी. दोन महिने मशीनवर बसून घोकतोय. हसायचं नाही हं."

तिचा हात हलेना. घरमालकीणच पुढे वाकली. बाबांनी गळ्यातली पट्टी काढून ठेवली, कागदात पाहिलं आणि एकेक शब्द सुटा करत त्या भाषेत म्हणाले, "नमस्कार. मी शिंपी आहे. ही माझी मुलगी. तुम्ही तिला सांभाळता. मी आभारी आहे."

घरमालकिणीने चिमणीकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून फोनसमोर बसली आणि सावकाश म्हणाली, "तुम्ही छान बोलता."

बाबांना ते कळलं नाही. त्यांचा चेहरा उतरला. "काही चुकलं का गं माझं?"

"नाही बाबा, तुमचं सगळं बरोबर आहे."

मग ती घरमालकिणीकडे वळली आणि पहिल्या आठवड्यात अडखळली होती तितकीच अडखळत त्या भाषेत म्हणाली, "हे माझे वडील."