टेकडीपलीकडच्या मेंढरांची जीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. माझ्या हिरव्या रंगाचे आता पोपडे सुटले आहेत. पण मागच्या सीटजवळ नाक नेलंत, तर लोकरीचा वास तुम्हाला अजूनही येईल.

कारखान्यातून निघाले ती थेट स्कॉटलंडच्या दक्षिण टोकाला, गुरांच्या डॉक्टर मोयरा टर्नबुल यांच्या दारात. टेकडीच्या अलीकडे स्कॉटलंड, पलीकडे इंग्लंड. मध्ये फक्त एक दगडी बांध होता, तोही मेंढ्यांनी जागोजागी पाडलेला. देश कुठे बदलतो, ते माझ्या चाकांना कधी कळलंच नाही.

पलीकडे विल्फ चार्ल्टनचं शेत होतं. वसंतात मेंढ्या व्यायला लागल्या की त्याचा फोन यायचा. काम उरकलं की तो माझ्या बॉनेटवर चहाचा मग ठेवायचा आणि थाप मारून म्हणायचा, "ही तुझ्यापेक्षा शहाणी आहे गं मोयरा. वाट न विचारता येते."

"आणि तुझ्यासारखी बडबडत नाही," बाई म्हणायच्या.

किती सुखाचे होते ते दिवस!

मग स्कॉटलंड स्वतंत्र झाला. बाईंनी हौसेने माझ्या आरशाला निळं-पांढरं निशाण बांधलं. मीही मिरवले. पण दोन्हीकडचे नियम वेगळे झाले आणि खिंडीत फाटक उभं राहिलं. माणसं जाऊ शकत. जनावरांना आणि औषधांना मात्र परवान्याशिवाय मनाई.

पुढच्याच वसंतात विल्फचा फोन आला. कोकरू अडलं होतं, आणि तिकडचा डॉक्टर दूरच्या खोऱ्यात होता. आम्ही फाटकाशी पोचलो, तर विल्फ पलीकडे मेंढीला ट्रेलरमध्ये घालून उभा!

"औषधांची पेटी इकडे नाही आणता येणार, डॉक्टरबाई," पलीकडची अधिकारी हेदर अवघडून म्हणाली. "आणि मेंढी तिकडे नाही सोडता येणार. नियम मी नाही हो केले."

"हात तर आणता येतात ना? डॉक्टर म्हणून नाही, शेजारीण म्हणून येते."

पेटी माझ्यात ठेवून बाई चालत गेल्या. हेदरने चौकीतून गरम पाणी आणलं. विल्फने मेंढीचं डोकं मांडीवर घेतलं. बाईंनी आत हात घालून कोकरू वळवलं, अलगद बाहेर काढलं. ते निपचित होतं. विल्फने गवताची काडी त्याच्या नाकात फिरवली.

"शिंकलं! शिंकलं गं!" तो ओरडला.

मेंढीला मात्र इंजेक्शन हवं होतं. ते माझ्या पोटात, हाकेच्या अंतरावर होतं. हेदरने वरिष्ठांना फोन लावला. होकार आला, तोवर मेंढी थंड पडली होती.

त्या वर्षी विल्फने मेंढ्या विकल्या. बाईंना त्याच्यासमोर जायचा धीर होईना. टेकडीची वाट सुटली, तशी मी शेडमध्ये गंजत पडले. उंदरांनी माझ्या गादीत घर केलं.

एके दिवशी विल्फच टेकडी उतरून चालत आला.

"मेंढ्याच गेल्या तुझ्या, विल्फ. कशाला येऊ मी आता?" बाई पुटपुटल्या.

"मेंढ्या गेल्या, मी नाही गेलो. आणि मेंढ्या नसताना येऊ नये, असं कुठल्या देशाचा नियम सांगतो?"

मग दोघांनी मिळून मला ढकललं. मी खोकले, थरथरले, सुरू झाले.

मित्रांनो, गाडी धावून झिजते त्याहून जास्त उभी राहून गंजते. तिला अधूनमधून फिरवून आणा. आणि ज्या घरी पूर्वी कामासाठी जात होतात, तिथे एकदा काहीही काम नसताना जा.