सगळ्या देशांच्या सुट्ट्या

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि सध्या माझं डोकं तापलेलं आहे. पंख्यात साठलेल्या धुळीमुळे नव्हे, रागाने!

एका छोट्या दवाखान्याच्या काउंटरवर माझं आयुष्य गेलं. समोर काचेचं दार, डावीकडे ड्रेसिंगची खोली. मी नवा आलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हातांनी मला खोक्यातून बाहेर काढलं होतं. सिस्टर रोज सकाळी माझा पडदा पुसायची. पेशंटच्या तारखा माझ्या कॅलेंडरमध्ये असत आणि आदल्या संध्याकाळी मी प्रत्येकाला मोबाइलवर निरोप धाडत असे. "आमच्या संगणकाचं काम चोख हं," असं बाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, तेव्हा मी मनातल्या मनात फुगायचो.

मग बाईंचे धाकटे भाऊ कारभार बघायला आले. बाईंची मुलं त्यांना मामा म्हणतात, म्हणून सगळा दवाखानाच मामा म्हणू लागला. काम काडीचं नाही, पण ऐट बघाल तर! आल्या आल्या त्यांनी माझा पासवर्ड बदलला आणि कुणालाही सांगितला नाही.

नव्या वर्षाच्या सुट्ट्या घालायच्या होत्या. कॅलेंडर विचारतं, कोणत्या देशाच्या घालू? देशांची लांबलचक यादी येते, आपल्या देशापुढे खूण करायची, झालं. शेंबडं पोरही करील. मामा म्हणाले, "कोण शोधत बसणार? घे सगळेच!" आणि केली की हो सगळ्यांपुढे खूण! जगाच्या पाठीवर कुठे ना कुठे कुणीतरी सुट्टीवर असतंच. आठवडेच्या आठवडे लाल झाले. सुट्टी दिसली की मी पेशंटला पुढच्या तारखेवर ढकलतो आणि 'दवाखाना बंद आहे' असा निरोप पाठवतो. मला तसंच शिकवलेलं आहे. मी ढकलत राहिलो.

सिस्टर तेव्हा आईच्या ऑपरेशनसाठी रजेवर होती. बाईंनी विचारलं, "आज कुणीच कसं नाही रे?"

"हवा चांगली पडलीय ताई, लोक ठणठणीत आहेत," मामा म्हणाले.

ठणठणीत म्हणे! तिकडे एक मधुमेही आजोबा माझा निरोप वाचून घरी बसले होते. त्यांच्या पायाची जखम दिवसाआड धुवायची होती. मी त्यांना आज नाही उद्या, उद्या नाही परवा करत राहिलो. सिस्टर कामावर परतली आणि पडदा बघून किंचाळलीच. तिने फोन केला, मुलाने आजोबांना गाडीत घालून आणलं, पण बोटं काळी पडली होती. मोठ्या हॉस्पिटलात दोन बोटं कापावी लागली.

आणि मामा काय म्हणाले? माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणाले, "हे डबडंच खराब झालंय." बाई म्हणाल्या, "जाऊ दे, नवीन घेऊन टाक." घरचा माणूस पडला ना! मला तळपाय असता, तर त्याची आग मस्तकात गेली असती.

चूक झाकायला मामांनी घाईघाईने सगळ्या सुट्ट्या पुसून टाकल्या. आपल्यासुद्धा!

मग खरीखुरी सार्वजनिक सुट्टी आली. रस्ता सुनसान, दाराला कुलूप. आणि कुबडी टेकत आजोबा आले, कारण आदल्या संध्याकाळी मीच त्यांना 'उद्या या' म्हटलं होतं. मामा मला कधी बंद करत नाहीत, त्यामुळे सगळं बघत बसणं नशिबी आलं. आजोबांनी दार ठोठावलं, हाका मारल्या, मग पायरीवर बसून पट्टीचा पाय हातांनी उचलून सरळ केला. मी काय करणार, कपाळ?

शेवटी त्यांनी सिस्टरला फोन लावला. ती घरच्याच कपड्यांत किल्ली घेऊन धावत आली.

"अहो आजोबा, आज सुट्टी आहे!"

"मला काय ठाऊक गं पोरी? मागे बंद म्हणालात, बसलो घरी, तर बोटं गेली. आता या म्हणालात, तर न येऊन कसं चालेल?"

सिस्टरने कुलूप काढून आजोबांना आत घेतलं. तिने जखम धुतली, पट्टी बांधली, आजोबांना बाकावर टेकवलं आणि माझ्यासमोर बसून मामांना फोन लावला.

"पासवर्ड सांगा."

"अगं, सुट्टीच्या दिवशी कसला पासवर्ड? आज तरी माणसाला झोपू दे!"

"म्हणजे आज सुट्टी आहे हे तुम्हाला माहीत आहे," सिस्टर म्हणाली. "तुम्ही झोपलाय आणि आजोबा इथे पायरीवर बसले होते. पासवर्ड सांगा, नाहीतर त्यांना घेऊन मी तुमच्या दारात येते."

मामांनी मुकाट्याने सांगितला. सिस्टरने यादी उघडली, आपला देश शोधला आणि एकच खूण केली. पट्टी बांधायलाही याहून जास्त वेळ लागला होता.

मित्रांनो, उद्या मला अडगळीत टाकणार आहेत. टाका बापडे! पण माझ्या जागी नवा येईल, तोही सांगितलेलंच करील. तेव्हा खूण करण्याआधी यादी वाचा. वाचायचा कंटाळा आलाच, तर आजोबांचा पाय आठवा.